लोकरीची गिरणी आणि तिचा जामीनदार

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आत्ताच संयोजकांनी शाल आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. भाषणाचा विषय लोकरीच्या गिरणीचा आणि सत्कार लोकरीच्या शालीने, हा योग चांगला जुळून आला. ही शाल कोणी घडवली असे विचारले, तर आपण मेंढीपासून सुरुवात करू. मग धनगर, कातणारे, विणणारे, रंगारी, व्यापारी अशी नावे घेऊ. या यादीत एक माणूस बहुधा राहून जातो. गिरणीची पहिली वीट रचली जाण्यापूर्वी, पहिला धागा निघण्यापूर्वी ज्याने आपला पैसा तिच्यात घातला, तो भागधारक. आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

स्वदेशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विदेशी कापडाची होळी उभी राहते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९०५ मध्ये पुण्यात पेटवलेल्या होळीचे स्मरण आपण अभिमानाने करतो, आणि ते केलेच पाहिजे. परंतु होळी ही एका रात्रीची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावर घालायला कापड लागते. ते कापड देणारी गिरणी कोणी उभारायची, कोणाच्या पैशाने उभारायची आणि तो पैसा बुडाला तर कोणी सोसायचे, हे प्रश्न होळीपेक्षा अवघड आहेत. त्यांची उत्तरे शोधताना मला लोकरीच्या गिरणीचा इतिहास फार बोलका वाटला.

लोकरीचे गणित

कापसाच्या गिरणीपेक्षा लोकरीची गिरणी उभारणे अधिक जोखमीचे का असते, ते आधी समजून घेऊ.

मेंढीच्या अंगावरून कातरलेली लोकर जशीच्या तशी यंत्रावर चढत नाही. तिच्यात मेंढीच्या अंगाची चरबी असते, घाम असतो, माती आणि काटेकुसळे असतात. म्हणून ती आधी प्रतवार निवडावी लागते, मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी लागते. त्यानंतर पिंजणे, कातणे, विणणे. आणि विणल्यावर पुन्हा पाण्यात मळून कापड घट्ट करणे, रंगवणे, त्याची लव उठवणे. भरपूर पाणी, महाग यंत्रे आणि कसबी माणसे या तीन गोष्टींवाचून हा धंदा होत नाही.

खरी अडचण त्याच्याही पुढे आहे. लोकर हंगामात कातरली जाते, तेव्हाच ती रोखीने विकत घ्यावी लागते. कापड मात्र खपते थंडीत. मधले कित्येक महिने पैसा कोठारात लोकरीच्या आणि घोंगड्यांच्या रूपाने पडून राहतो. इमारत आणि यंत्रे यांना लागणारा पैसा एकदाच लागतो. हा मधला पैसा, ज्याला आपण खेळते भांडवल म्हणतो, तो दरवर्षी लागतो. लोकरीच्या गिरण्या यंत्राअभावी कमी आणि या मधल्या पैशाअभावी जास्त बुडाल्या आहेत. म्हणून अशा गिरणीत पैसा घालणारा शहाणा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा : तुमचा माल कोण घेणार, आणि तो नक्की घेणार का? हा प्रश्न मनात ठेवून आता आपण कानपूरला जाऊ.

कानपूर, १८७६

कानपूर हे नाव उच्चारले की मराठी माणसाला बिठूर आठवते, नानासाहेब पेशवे आणि तात्या टोपे आठवतात. १८५७ च्या समरात हे नगर धगधगले. समर शमल्यावर इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या. हिंदुस्थानातील सैन्यात गोऱ्या सैनिकांचे प्रमाण वाढवले. साधारणपणे दोन हिंदी सैनिकांमागे एक गोरा सैनिक असे ते प्रमाण ठरले. आणि या सैन्याला लागणारा माल येथेच तयार व्हावा म्हणून कानपूरसारख्या ठिकाणी कारखाने उभे राहू दिले. घोड्यांच्या खोगिरांचा आणि चामडी सामानाचा सरकारी कारखाना तेथे निघाला. १८६० च्या दशकात एल्गिन मिल आणि १८७४ मध्ये म्यूर मिल या कापसाच्या गिरण्या निघाल्या. आणि १८७६ मध्ये काही इंग्रज एकत्र आले आणि त्यांनी लोकरीची गिरणी काढली. तीच पुढे आवारातल्या चिंचेच्या झाडामुळे ‘लाल इमली’ या नावाने देशभर प्रसिद्ध झाली.

या मंडळींमध्ये गॅव्हिन जोन्स नावाचा एक गृहस्थ होता. १८५७ मध्ये फतेहगडहून तो जीव वाचवून निसटला होता. ज्या प्रदेशातून त्याला पळावे लागले, त्याच प्रदेशात त्याने पुढे गिरण्यांमागून गिरण्या उभ्या करण्यास हातभार लावला. शत्रूच्या अंगचाही गुण घ्यावा असे आपल्याकडे म्हणतात. त्याची जिद्द मी नाकारत नाही. परंतु त्या जिद्दीच्या पाठीशी काय उभे होते, हेही पाहिले पाहिजे.

या गिरणीने प्रारंभी काय विणले? सैन्यासाठी घोंगड्या. म्हणजे मघाच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ पहिल्या दिवसापासून तयार होते. माल कोण घेणार? लष्कर घेणार. यंदा घेणार, पुढच्या वर्षी घेणार, आणि युद्ध पेटले तर दुपटीने घेणार. ज्या भागधारकाला असे उत्तर मिळते, त्याची थैली सैल व्हायला वेळ लागत नाही.

आता दुसरा प्रश्न विचारू. लष्कर पैसे कोठून देणार? हिंदुस्थानच्या तिजोरीतून. आणि ती तिजोरी भरत होती शेतसाऱ्याने आणि मिठावरील कराने. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या पाठीवर थंडीत धड घोंगडी नव्हती, त्याच्या साऱ्यातून त्याच्यावर राज्य करणाऱ्या सैनिकाच्या घोंगडीचे पैसे जात होते. त्या गिरणीच्या कागदोपत्री भागधारकांची नावे इंग्रजांची होती. तिचा जामीनदार मात्र हिंदुस्थानचा रयत होता. त्याला कोणी विचारले नाही, त्याला लाभांश मिळाला नाही, पण जामीन त्याचाच होता.

रेल्वेची कथा याहून उघड आहे. विलायतेतील रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिलेली होती. नफा झाला तर त्यांचा, तोटा झाला तर आपला. दादाभाई नवरोजींनी आयुष्यभर जे आकडे मांडले, त्यांचे सार हेच आहे. परकीय सत्ता केवळ आपला पैसा नेत नव्हती. आपल्याच पैशाच्या जामिनावर ती आपले उद्योगक्षेत्र व्यापत होती.

१८८० मध्ये पंजाबातील धारीवाल येथे दुसरी मोठी लोकरीची गिरणी निघाली. पंजाबचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर एजर्टन यांचे नाव तिला देण्यात आले. अपर बारी दोआब कालव्याच्या पाण्यावर तिची यंत्रे चालत. १८८४ मध्ये कानपूरच्या गिरणीत स्कॉटलंडचा एक तरुण व्यवस्थापक म्हणून आला, अलेक्झांडर मॅक्रॉबर्ट. त्याने या उद्योगाची घडी इतकी पक्की बसवली, की १९२० मध्ये कानपूर आणि धारीवालच्या गिरण्या, चामड्याचे आणि इतर कारखाने एकत्र करून ‘ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन’ ही प्रचंड कंपनी त्याला स्थापन करता आली. कालव्याचे पाणी, लष्कराची मागणी आणि राज्यकर्त्यांचा आशीर्वाद हे सर्व एका बाजूला होते. मग हिंदी माणसाच्या बाजूला काय होते?

नागपूरचा खड्डा आणि मुंबईची गर्दी

त्याचे उत्तर कानपूरची गिरणी निघण्याच्या दोनच वर्षे आधी, १८७४ मध्ये, नागपुरात मिळू लागले होते.

जमशेटजी टाटा कापूस पिकणाऱ्या प्रदेशाच्या मध्यभागी गिरणी काढावी या विचाराने नागपुरात आले. १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी त्यांनी स्थापन केली. जुम्मा तलावाजवळ जागा घेतली. जागा सखल आणि पाणथळ होती. ती भरून काढण्यासाठी मातीमागून माती टाकावी लागली. स्थानिक सावकाराकडे जमशेटजींनी पैसा मागितला तेव्हा त्याने नकार दिला. जो माणूस खड्ड्यात सोने ओततो त्याला मी काय कर्ज देऊ, असा त्याचा सवाल होता. पुढे गिरणी भरभराटीला आल्यावर त्याच सावकाराने मोकळ्या मनाने कबूल केले, की या माणसाने खड्ड्यात सोने घातले नाही. माती घातली आणि सोने काढले. जमशेटजींच्या चरित्रांतून सांगितली जाणारी ही आठवण आहे.

त्या सावकाराला मी दोष देणार नाही. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता. त्याच्याजवळ पैसा होता आणि तो रोज तारणावर सुरक्षितपणे वाढत होता. जमशेटजींजवळ तारण म्हणून दाखवायला काय होते? एक खड्डा! लष्कराची मागणी नव्हती, सरकारची हमी नव्हती. १ जानेवारी १८७७ या दिवशी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि ‘एम्प्रेस मिल’ हे नाव तिला मिळाले. प्रारंभी घेतलेली यंत्रे हलकी निघाली. भागांची किंमत घसरली. तेव्हा जमशेटजींनी हिशेब लपवला नाही; यंत्रे बदलली. आगीपासून संरक्षणाची व्यवस्था, हवा खेळती राहील अशी रचना, पुढे कामगारांसाठी निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी तेथे कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी आल्या. लोकांचा विश्वास बसला तो या वागण्यामुळे.

त्या विश्वासाचे पीक ३० वर्षांनी आले. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. त्यांच्या पुत्रांनी पोलादाच्या कारखान्यासाठी आधी लंडनच्या बाजारात भांडवल शोधले. तेथे अटी आल्या, टाळाटाळ आली. वंगभंगाच्या विरोधात १९०५ पासून देश स्वदेशीच्या मंत्राने भारून गेला होता. तेव्हा १९०७ च्या ऑगस्टमध्ये टाटांनी माहितीपत्रक आपल्याच देशबांधवांपुढे ठेवले. मुंबईतील कचेरीसमोर सकाळपासून माणसांची गर्दी लोटली. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल सुमारे ८ हजार हिंदी माणसांनी उभे केले. नंतर खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे काढले, तेव्हा ४ लाख पौंडांचे सगळेच्या सगळे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. १९१२ मध्ये तेथे पोलाद निघू लागले.

कानपूरच्या गिरणीला लष्कराच्या खरेदीचा आधार होता, जमशेदपूरच्या कारखान्याला समाजाच्या विश्वासाचा. दोन्ही ठिकाणी भांडवल उभे राहिले, पण या दोहोंतला फरक राष्ट्रजीवनाच्या दृष्टीने फार मोठा आहे. जो उद्योग सत्तेच्या जामिनावर उभा राहतो, तो सत्तेकडे तोंड करून चालतो. जो समाजाच्या विश्वासावर उभा राहतो, त्याला समाजाकडे तोंड करून चालावे लागते.

आमच्या महाराष्ट्रात याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड चालवला. माणशी एक पैसा मागत ते गावोगाव हिंडले. लोकमान्यांनी त्यांना पाठबळ दिले. त्या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला आणि तेथे शिकलेल्या कारागिरांनी देशात इतरत्र काचेचे कारखाने चालवले.

पण केवळ भावना पुरत नाही, हेही त्याच काळाने शिकवले. स्वदेशीच्या लाटेत अनेक हिंदी पेढ्या निघाल्या. १९१३ मध्ये त्यांतील कित्येक कोसळल्या. पंजाबातील पीपल्स बँक बुडाली, मुंबईतील स्पेसी बँक बुडाली. ठेवी ठेवणारे देशभक्तच होते. स्वदेशी या शब्दाने हिशेबाची जागा घेतली की असे होते.

ठाण्याच्या खाडीकाठी

आता आपल्या परिसरातील लोकरीच्या गिरणीकडे येऊ. १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ वाडिया कुटुंबाने लोकरीची गिरणी काढली. थोड्याच काळात ती ससून यांच्या पेढीकडे गेली आणि त्यांच्या एका संचालकाच्या नावावरून ‘रेमंड वुलन मिल्स’ झाली. तिचा मुख्य माल होता जाडीभरडी घोंगडी आणि स्वस्त लोकरी कापड. १९४४ मध्ये ती लाला कैलाशपत सिंघानिया यांनी घेतली. हे सिंघानिया घराणे कानपूरचे. त्यांचे वडील लाला कमलापत यांनी १९२१ मध्ये कानपुरातच कापसाची गिरणी काढली होती. ज्या कानपुरात लोकरीचा उद्योग परकीयांच्या मुठीत होता, तेथील एका हिंदी उद्योजक घराण्याने ठाण्यात येऊन परकीय पेढीकडून लोकरीची गिरणी घ्यावी, ही घटना मला अर्थपूर्ण वाटते.

पुढे काय झाले? नव्या चालकांनी घोंगडीवर समाधान मानले नाही. यंत्रे सुधारली, कापडाची प्रत वाढवली. १९५८ मध्ये मुंबईत बॅलार्ड इस्टेट येथे स्वतःचे दुकान उघडले. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याऐवजी त्यांनी घरोघरी गिऱ्हाईक निर्माण केले. कोणत्या घरच्या लग्नात या कापडाचा सूट शिवला गेला नाही? ठाण्याची मूळ गिरणी २००९ मध्ये बंद झाली. ज्यांची हयात तेथे गेली त्या कामगारांच्या दुःखाची मला जाणीव आहे. पण तोपर्यंत तो उद्योग जळगाव, छिंदवाडा अशा ठिकाणी विस्तारला होता.

पैसा आपला, निर्णय दुसऱ्याचा

आणि कानपूरचे काय झाले? हा भाग मन लावून ऐका, कारण तो थेट आपल्या घरांशी संबंधित आहे.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनची सूत्रे हिंदी हातांत आली. हे हात कोणाचे होते? हरिदास मुंदडा या सट्टेबाजाचे. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळाची स्थापना झाली होती. शिक्षक, कारकून, दुकानदार अशा लक्षावधी कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले विम्याचे हप्ते तेथे जमा होत होते. स्थापना होऊन वर्षही झाले नव्हते, तोच १९५७ च्या जून महिन्यात महामंडळाने मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. गुंतवणूक समितीला विचारले नाही. त्या सहा कंपन्यांपैकी एक होती ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, म्हणजे लाल इमलीची मालक कंपनी.

लोकसभेत फिरोज गांधी यांनी हे प्रकरण बाहेर काढले. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे होते, पंतप्रधानांचे जावई होते. तरी ते बोलले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले.

१८७६ मध्ये शेतकऱ्याचा सारा त्याला न विचारता या गिरणीचा जामीनदार झाला. १९५७ मध्ये विमेदाराचा हप्ता त्याला न विचारता तिचा जामीनदार झाला. मधल्या काळात राज्यकर्ते बदलले होते, मालक बदलले होते, झेंडा बदलला होता. न विचारण्याची रीत बदलली नव्हती. परक्याच्या हातून आपल्या हातात येणे ही स्वदेशीची पहिली पायरी आहे; ती शेवटची नाही.

१९८१ मध्ये कायदा करून केंद्र सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. आता जामीनदार झाला करदाता. पुढच्या दशकात ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली. पुनरुज्जीवनाच्या योजना येत राहिल्या, खेळते भांडवल मात्र येईना. यंत्रे थांबली, कामगारांचे वेतन थकले. नागपूरची एम्प्रेस मिलही अखेर राज्य शासनाच्या महामंडळाकडे गेली आणि बंद पडली. ज्या उद्योगाचा मालक ‘सर्वजण’ असतात, त्याची काळजी वाहणारा कोणीच नसतो. याच दुखण्यावर श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी बोट ठेवत असत. उद्योग सरकारचा की धनिकाचा, या दोनच पर्यायांत अडकू नका, असे ते सांगत. उद्योगांचे श्रमिकीकरण, म्हणजे राबणाऱ्याला भागधारक करणे, हा विचार त्यांनी मांडला तो यासाठी.

दान आणि भाग

आता मी थोडे आपल्याविषयी बोलतो. आपण दान देणारी माणसे आहोत. कन्याकुमारीच्या शिलास्मारकासाठी एकनाथजी रानडे यांनी समाजापुढे हात पसरला, तेव्हा सुमारे ३० लाख लोकांनी रुपया-दोन रुपये दिले आणि १९७० मध्ये स्मारक उभे राहिले. गुरुदक्षिणेच्या पाकिटात किती घातले, हे शेजारी बसलेल्यालाही आपण कळू देत नाही. हा संस्कार थोर आहे.

पण दान आणि भाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दान देणाऱ्याने दिलेले विसरावे, हे त्याचे भूषण. भागधारकाने दिलेले विसरावे, हा मात्र त्याचा दोष. दान दिल्यावर आपण हिशेब मागत नाही. भाग घेतल्यावर हिशेब मागणे हे कर्तव्यच असते. तो मागितला नाही तर उद्योजक बिघडतो, आणि मग १९१३ होते, १९५७ होते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत काय होते? एक तर पैसा सोन्यात आणि मुदतठेवीत निजवून ठेवायचा, नाही तर कोणी ओळखीचा, आपल्यातला माणूस सांगतो म्हणून डोळे मिटून त्याच्या योजनेत घालायचा. पहिल्यात धैर्य नाही, दुसऱ्यात विवेक नाही. आणि पैसा बुडाला की ‘आपला माणूस आहे, कसे बोलायचे’ म्हणून गप्प बसायचे. बंधूंनो, हे गप्प बसणे म्हणजे सौजन्य नव्हे. अर्थ हाही आपल्याकडे पुरुषार्थ मानला आहे, आणि धर्माच्या नियंत्रणाखालचा अर्थ म्हणजे काटेकोर हिशेबाचा अर्थ.

म्हणून कोणी उद्योगासाठी भांडवल मागायला आला तर आपण चार प्रश्न विचारले पाहिजेत. माल कोण घेणार? कच्चा माल घेतल्यापासून पैसे हाती येईपर्यंत किती महिने लागणार, आणि तेवढे महिने चालवायला पैसा आहे का? तुझा स्वतःचा किती पैसा यात आहे? आणि तोटा झाला तर तो आम्हाला केव्हा आणि कोणाकडून कळणार? चौथ्या प्रश्नावर जो चिडतो, त्याला एक रुपयाही देऊ नये. मग तो कितीही ओळखीचा असो, कितीही स्वदेशीच्या गोष्टी बोलो.

आपल्या दारातील लोकर

शेवटी घराकडे येतो. माणदेशात, सोलापूर-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, कोल्हापूरकडे आपला धनगर समाज शतकानुशतके दख्खनी मेंढी सांभाळत आला. तिची लोकर काळी, जाड आणि राठ. सणगर बांधवांनी तिची घोंगडी विणली, चिंचोक्याच्या खळीने तिचा ताणा घट्ट केला. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला आणि रानातल्या राखणदाराला त्या घोंगडीने पाऊस आणि थंडी यांतून तारले. जेजुरीच्या आणि बिरोबाच्या जत्रेत तिची विक्री होई. आज काय स्थिती आहे? कृत्रिम धाग्याचे स्वस्त ब्लँकेट गावोगाव पोचले आहे. लोकरीला येणाऱ्या भावात कातरण्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून अनेक ठिकाणी कातरलेली लोकर फेकून दिली जाते. माग बंद पडत आहेत. विणणाऱ्यांची मुले दुसरे काम शोधत आहेत.

या लोकरीची मोठी गिरणी काढा, असे मी म्हणत नाही. कानपूरचा धडा ऐकल्यावर कोणी म्हणूही नये. पण २००२ च्या कायद्याने, आणि आता २०१३ च्या कंपनी कायद्यातील तरतुदींनी, उत्पादक कंपनीचा मार्ग खुला केला आहे. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात. तिचे भाग उत्पादकांकडेच राहतात, ते बाजारात सट्ट्याला जात नाहीत. व्यक्ती सभासद असतील तर भाग कितीही असले तरी मत एकच. लोकर धुण्याचे आणि पिंजण्याचे एखादे केंद्र, आणि त्याच्याभोवती घरोघरचे माग, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मेंढपाळ आणि विणकर हेच तिचे मालक.

मग आपण काय करायचे? तिचे भाग आपल्याला घेता येणार नाहीत, आणि घेऊही नयेत. आपण तेच करायचे, जे १८७६ मध्ये लष्कराने इंग्रजांच्या गिरणीसाठी केले. आपण नक्की खरेदी करणारे गिऱ्हाईक व्हायचे. कातरणीच्या हंगामातच आपली मागणी लेखी नोंदवायची, रीतसर पावती घेऊन काही रक्कम आगाऊ द्यायची, आणि थंडीत आपली घोंगडी, आसन, जाजम घ्यायचे. वस्तू चांगली नसेल तर तसे स्पष्ट सांगून परत करायची. त्या आगाऊ रकमेने कातरणीपासून विक्रीपर्यंतचे महिने निघतील. आपल्यापैकी कोणी सनदी लेखापाल असेल, कोणी गिरणीत आयुष्य काढलेला तंत्रज्ञ असेल. त्यांनी महिन्यातला एक दिवस त्या कंपनीचा हिशेब आणि मालाची प्रत पाहायला द्यावा. शाखांचे वार्षिक उत्सव होतात, शाळांची संमेलने होतात, लग्नकार्ये होतात. प्रत्येक सत्कारात शाल दिली जाते. ती कोणत्या मेंढीची आणि कोणत्या मागावरची, एवढे विचारण्याची सवय लावून घेतली तरी मागणीचा केवढा मोठा आधार उभा राहील!

लष्कराच्या मागणीमागे साम्राज्याची तिजोरी होती. आपल्या मागणीमागे घरखर्चातून वाचवलेले चार पैसे असतील. पण ते न विचारता काढून घेतलेले नसतील, समजून-उमजून दिलेले असतील. नागपूरच्या त्या सावकाराला खड्डा दिसला, कारण तो एकटाच काठावर उभा होता. १९०७ च्या त्या सकाळी मुंबईत रांग लावणाऱ्या माणसांनाही धोका दिसत होताच. पण शेजारी आपल्यासारखेच दुसरे कोणी उभे आहे, हेही त्यांना दिसत होते. तेवढे एकमेकांना दिसत राहणे, हेच आपल्या संघटनेचे काम आहे.

संयोजकांना एक विनंती करून थांबतो. पुढच्या वर्षीच्या वक्त्याला शाल देण्याऐवजी एक घोंगडी द्या. आणि ती विणणाऱ्याला आगाऊ रक्कम याच आठवड्यात पोचती करा. पावती घ्यायला मात्र विसरू नका.

भारत माता की जय!